भुरीची वही



आज एक गणित घालून सुरुवात करते. घाबरू नका, सोपे आहे! मांजराचे पहिले वर्ष म्हणजे माणसाची साधारण १५ वर्षे. दुसरे वर्ष संपले की ते माणसाच्या हिशेबाने २४ वर्षांचे होते. त्यानंतर दर वर्षाला ४ मिळवत जायचे. तर मग १५ वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबाने किती वर्षांचे?

झाली का बोटे मोजून? तेरा चोक बावन्न, त्यात चोवीस मिळवा. शाब्बास, ७६! म्हणजे तुमच्या आजीच्याच वयाचे की!

आज अशाच एका आजीबाईची गोष्ट सांगणार आहे. तिचे नाव भुरी. रंगाने भुरकट, शेपटीचे टोक तेवढे पांढरे. मी डी.एड. होऊन बीड जिल्ह्यातल्या या गावात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी ती माझ्याकडे आली. माझ्या खोलीत ज्वारीची दोन पोती होती आणि त्या पोत्यांवर उंदरांची रोज रात्री सभा भरायची. शेजारच्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. ती एके दिवशी पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या बाई, तुमच्या ज्वारीला राखणदार!" पदरातून मुठीएवढे पिलू बाहेर आले आणि थेट पोत्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ज्वारीचा दाणा वाया गेला नाही.

त्या सुनेची मुलगी आता चौथीत आहे. तिचे खरे नाव सांगत नाही, आपण तिला चिमी म्हणू. चिमीचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील जातात, हे तुम्हाला सांगायला नकोच. चिमी मागे आजीजवळ राहते आणि संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येते. अभ्यास कमी आणि भुरीशी गप्पा जास्त! पण ते चालायचेच.

गेल्या पावसाळ्यापासून भुरीत फरक पडत होता. ज्या पोत्यावर ती एका उडीत चढायची, तिथे आता दोनदा अंदाज घ्यायची आणि परत खाली बसायची. अंग चाटून साफ करणे कमी झाले होते, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. आणि पाणी फार प्यायची. माठाखालच्या ताटलीत सांडलेले पाणी सुद्धा चाटून संपवायची. मी हे सगळे पाहत होते आणि मनात म्हणत होते, "म्हातारपण! दुसरे काय?"

मुलांनो, इथे माझी पहिली चूक झाली. म्हातारपण हा काही आजार नाही. म्हातारपणात आजार येतात आणि ते ओळखावे लागतात. मांजर तर दुखणे लपवण्यात भारी पटाईत. रानात राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांनी दुखणे दाखवले असते, तर दुसऱ्या जनावराने त्यांनाच धरले असते. ती सवय अजून गेलेली नाही. मांजर कण्हत नाही, कुंथत नाही. ते फक्त थोडे कमी खाते, थोडे जास्त झोपते आणि कोपरा धरते. तेवढ्यावरून आपण ओळखायचे असते.

डिसेंबर महिन्यातली गोष्ट. थंडी मी म्हणत होती. चिमी भागाकार करत बसली होती आणि भुरी तिच्या दप्तराला टेकून झोपली होती. एकदम धप्पकन आवाज झाला. पाहतो तो भुरी आडवी पडलेली, पाय ताठ झालेले, मान मागे ओढलेली. मग चारी पाय सायकल चालवल्यासारखे हलू लागले. तोंडातून फेस आला. डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडे पाहत नव्हते. जागेवरच लघवी झाली.

मी घाबरले. तुमच्या बाई असल्या म्हणून काय झाले, बाई पण घाबरतात! मी धावत जाऊन तिला उचलायला गेले, जीभ घशात अडकेल म्हणून तोंडाजवळ हात नेला आणि तिचे दात माझ्या अंगठ्यात रुतले. ही माझी दुसरी चूक.

आवाज ऐकून चिमीची आजी कांदा फोडून घेऊन आली. "हुंगवा हिला, हुंगवा!" कुणीतरी दारातून म्हणाले, "मांजर पिसाळलंय, लांब व्हा." आणखी कुणी म्हणाले, "बाहेरचं काहीतरी दिसतंय, लिंबू उतरवा." या गडबडीत भुरीचे पाय हळूहळू थांबले. ती उठली, भिंतीला धडकली, गोल गोल फिरली. तिला आम्ही कुणीच ओळखू येत नव्हतो.

"बाई, भुरी मरायली का?" चिमीने विचारले.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. "पंधरा मिनिटं झाली असतील, केवढी तडफडली!"

"नाही बाई," चिमी म्हणाली. "मी घड्याळ बघत होते. बारीक काटा एक फेरा पुरा फिरला आणि वर पाव फेरा."

एक फेरा आणि पाव फेरा. म्हणजे किती? ६० आणि १५, एकूण ७५ सेकंद! मला जी पंधरा मिनिटे वाटली, ती सव्वा मिनिटाची गोष्ट होती. त्याच आठवड्यात मी चौथीला सेकंदकाटा शिकवला होता. शिकवला मी, आणि उपयोगी पडला तो चिमीला!

आता भुरीला झाले काय होते, ते सांगते.

आपल्या आणि मांजराच्याही मेंदूत असंख्य पेशी असतात. त्या एकमेकींना विजेचे अगदी बारीक निरोप पाठवतात. पाय उचल, शेपूट हलव, दूध दिसले, तिकडे जा, असे ते निरोप. तुमचा वर्ग आठवा. एकेकाने हात वर करून बोलले, तर सगळे नीट ऐकू येते. पण सगळा वर्ग एकदम ओरडू लागला तर? बाईंचे कुणी ऐकत नाही, फळ्यावर काय आहे ते कळत नाही. तसेच मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम, एकाच वेळी निरोप पाठवू लागल्या, की शरीराचा ताबा सुटतो. त्यालाच झटका, फिट किंवा फेफरे म्हणतात. थोड्या वेळाने वर्ग दमतो आणि आपोआप शांत होतो. झटकाही बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. त्यानंतर मांजर काही वेळ गोंधळलेले असते. कधी त्याला नीट दिसत नाही, कधी ते सारखे फिरत राहते, कधी फार भूक लागते.

म्हणजे यात बाहेरचे काही नाही, जे आहे ते मेंदूच्या आतले आहे. कांद्याचा वास, चपलेचा वास, लिंबू, यांपैकी कशानेही झटका थांबत नाही. तो त्याच्या वेळेला थांबतो आणि आपल्याला वाटते, कांद्याने थांबला. जीभ घशात अडकते, हीही खोटीच समजूत. आणि भुरीने मला चावा घेतला, तो रागाने नव्हे. त्या वेळी तिला काही कळतच नव्हते.

पण चावा तो चावाच. त्या रात्री मी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे अंगठा धुतला आणि सकाळी आरोग्य केंद्र उघडताच इंजेक्शन घेतले. पुढची इंजेक्शने डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना, एकही न चुकवता. मुलांनो, हे पक्के लक्षात ठेवा. कुत्रे असो की मांजर, घरचे असो की दारचे, चावले किंवा ओरबाडले तर घरी लपवायचे नाही. रेबीज झाल्यावर त्याला औषध नाही, होण्याआधी मात्र लस आहे. हळद, चुना, मिरची यांपैकी काही जखमेवर लावायचे नाही.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांचे डालगे मागून आणले, त्यात भुरीला बसवले, वरून जुने लुगडे बांधले आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. चिमी बरोबर होतीच. रांगेत दोन गाई, एक बैल, चार शेळ्या आणि आमची भुरी! एक बाबा हसून म्हणाले, "मांजराला बी दवाखाना? नवलच ऐकायलोय!"

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेले नाही. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. हिला कुत्रे चावले होते का? रेबीजची लस दिली आहे का? घरात उंदरांचे औषध ठेवले होते का? जवळपास कपाशीवर फवारणी झाली का? गोचिडांचे औषध हिच्या अंगाला लावले का?

हे प्रश्न का, ते तुम्हाला कळायला हवे. विषाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर विष त्याच्या पोटात जाते. कपाशीवर मारायच्या काही औषधांनी झटके येतात. आणि बैलाच्या किंवा कुत्र्याच्या अंगाला लावायचे गोचिडांचे औषध मांजराला कधी लावायचे नाही. त्यातली काही औषधे मांजराला सोसत नाहीत, त्यांनीच झटके येतात. आपल्या घरातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, तर मांजराला जीवघेणी आहे. एक गोळीसुद्धा!

"पुढच्या वेळी झटका आला, की मोबाइलवर त्याचं चित्रण करून आणा," डॉक्टर म्हणाले. "माझ्यासमोर कशाला झटका येतोय? आणि किती वेळ चालला ते मोजा."

"मोजलाय!" चिमी म्हणाली. "पंचाहत्तर सेकंद."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. म्हणाले, "रोज मोजत जा. एक वही कर."

रक्त तपासण्यासाठी त्यांनी आम्हाला परभणीला पाठवले. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचे. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरलाही १९८७ पासून असे महाविद्यालय आहे. आणि मुंबईत परळला जे आहे, ते तर १८८६ साली सुरू झाले. तिथे जनावरांचे डॉक्टर तयार होतात आणि जनावरांवर उपचारही होतात. गाई-बैलांचे डॉक्टर सगळ्यांना माहीत असतात. पण मांजराचीही नाडी पाहणारे कुणी असते, हे मला वयाच्या पस्तिशीनंतर कळले.

तपासणीत कळले ते असे. भुरीची मूत्रपिंडे थकली होती. रक्तातली घाण गाळून बाहेर टाकायचे काम त्यांना जमत नव्हते, म्हणून तर ती एवढे पाणी प्यायची! म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार पुष्कळ दिसतो. त्याच्याबरोबर रक्तदाब वाढतो. वाढलेल्या रक्तदाबाने किंवा साठलेल्या घाणीने मेंदूला त्रास होऊन झटके येऊ शकतात. कधी मेंदूत गाठ असते, कधी यकृत बिघडलेले असते. भुरीच्या बाबतीत एकाच कारणावर बोट ठेवणे कठीण होते.

"बरी होईल का?" मी विचारले.

"बरी होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बरे दिवस काढता येतील."

परत येताना चिमी गप्प होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाई, माझी आई यायच्या आत मरंल का ती?" तिच्या आईनेच तर भुरीला आणले होते. आई पाडव्याच्या सुमाराला येणार, अजून तीन-साडेतीन महिने होते. "नाही गं, काही होत नाही," असे म्हणायचे माझ्या अगदी ओठावर आले होते. पण मी म्हणाले, "मला सांगता येत नाही. आपण रोज तिच्याकडे बघू." चिमीने दप्तरातून एक कोरी वही काढली आणि वर लिहिले, "भुरीची वही".

त्या वहीत पाच रकाने होते. तारीख. झटका किती वाजता आला. किती सेकंद चालला. आधी काय करत होती. नंतर किती वेळाने ओळखू लागली. शेवटच्या पानावर वजन. वजन कसे केले? किराणा दुकानातल्या काट्यावर! आधी रिकामी पिशवी, मग पिशवीत भुरी, आणि वजाबाकी. पहिले वजन ३ किलो भरले.

गोळ्या सुरू झाल्या. झटक्याची पाव गोळी सकाळी सातला, पाव गोळी संध्याकाळी सातला. गोळी अंड्याच्या बलकात दडवून द्यायची. पहिले काही दिवस भुरी झिंगल्यासारखी चालायची. चिमी घाबरली, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवले होते. झटक्याची गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. एकदम बंद केली, तर झटके जोराने उलटतात. म्हणून गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणायच्या, हे काम माझे.

घरातही आम्ही बदल केले. हौदावर फळी टाकली, म्हणजे काठावर असताना झटका आला तरी भुरी पाण्यात पडणार नाही. चुलीजवळ आणि माळवदावर जायची तिला बंदी झाली. शी-शूसाठी कमी काठाची परात, त्यात माती. पोत्यावर चढायला दोन पोत्यांच्या घडीची पायरी. पाणी तीन ठिकाणी. पाठीवरच्या गुठळ्या चिमीने जुन्या फणीने हळूहळू सोडवल्या. दूध बंद केले, कारण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. खारवलेले बोंबीलही बंद. मांजर मूळचे मांस खाणारे, नुसत्या दूधभाकरीवर त्याचे भागत नाही. म्हणून उकडलेले अंडे आणि बिनमिठाची, बिनकांद्याची कोंबडीची फोड. कांदा-लसूण मांजराला बाधतो.

जानेवारीत दोनच झटके आले, फेब्रुवारीत एक. भुरी उन्हात बसू लागली. एकदा तर तिने चिमणीवर झडप सुद्धा घातली. चिमणी कधीच उडून गेली होती, पण वहीत नोंद झाली, "आज शिकार केली. चुकली."

याच काळात गावातले एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, एवढा खर्च कशाला? उंदीर धरायचं वय गेलं तिचं. पोत्यात घाला आणि नदीपल्याड सोडून या." ते वाईट माणूस नाहीत. दुष्काळात स्वतःची गुरे विकावी लागलेले आहेत, त्यांचाही जीव तुटलेला आहे. त्यांच्याशी मी भांडले नाही. पण मला आठवण झाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडी गावाची. तिथल्या शब्बीर सय्यद यांना सगळे शब्बीर मामू म्हणतात. स्वतःची परिस्थिती बेताची, मुलूख दुष्काळी, तरीही त्यांनी वर्षानुवर्षे शंभराहून अधिक गाई-गुरे सांभाळली. दूध विकून नव्हे, तर मुख्यतः शेण विकून येणाऱ्या पैशांतून! २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शंभर गुरांपुढे माझे एक मांजर ते काय!

मार्चमध्ये मात्र भुरी खालावली. वजन २ किलो ४०० झाले, मग २ किलो १००. झटके पुन्हा वाढले. डॉक्टरांनी आणखी एक रकाना करायला सांगितला. रोज तीन प्रश्न. आज ती आपणहून जेवली का? आज तिने अंग चाटले का? आज ती हाक मारल्यावर आली का? दोन उत्तरे "हो" आली तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुल्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त झाल्या की विचार करायचा. कसला विचार? जनावराला वेदना फारच असतील आणि उपाय उरला नसेल, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याचे मरण सोपे करू शकतात.

एका आठवड्यात पाच फुल्या आल्या. मला दिसत होते. डॉक्टरांना बोलवायचे मी ठरवले आणि बोलावले नाही. उद्या बघू म्हटले, परवा बघू म्हटले. धीर होत नव्हता. त्या दोन दिवसांत भुरीला चार झटके आले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती आपली आपणच गेली. त्या दोन दिवसांचे मला अजून वाईट वाटते. वहीने मला खरे सांगितले होते, मीच वाचले नाही. म्हणून ही चूकही तुम्हाला सांगितली.

परसातल्या लिंबाखाली खोल खड्डा करून आम्ही तिला ठेवले. चिमीची आजी आली होती. तिने कांदा आणला नव्हता, भाकरीचा तुकडा आणला होता. तो तिने खड्ड्याजवळ ठेवला आणि म्हणाली, "लई वर्षं राखली बया ज्वारी."

चिमीच्या आईला यायला अजून नऊ दिवस होते. त्या दिवशी फोन लागला तेव्हा चिमीने सगळी वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली. तारखा, सेकंद, वजन, सगळे. आई पलीकडे कितीतरी वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, "उन्हात पुरली का सावलीत?"

"सावलीत," चिमी म्हणाली.

मुलांनो, तुमच्या घरच्या मांजराला झटका आला, तर काय करायचे, ते आता क्रमाने लिहून ठेवा.

१. आधी घड्याळ बघा.

२. जवळच्या टोकदार, जड वस्तू बाजूला करा. मांजर पायऱ्यांवर किंवा चुलीजवळ असेल, तर मोठ्या माणसाला सांगून जाड कापडाने सरकवा.

३. त्याला धरू नका, दाबू नका. तोंडाजवळ हात नेऊ नका. तोंडात पाणी, औषध, काही घालू नका.

४. दिवा मंद करा, गलका बंद करा.

५. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एका दिवसात पुन्हा पुन्हा आला, तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे. पहिलाच झटका असेल, तर तो थांबल्यावरही दाखवायलाच हवे.

६. अनोळखी, रस्त्यावरच्या जनावराला झटका आला, तर लांब उभे राहा आणि मोठ्यांना बोलवा.

आणि एक गोष्ट याहून महत्त्वाची. हाच आजार माणसांनाही होतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला फिट येत असेल. त्यांना हसू नका, दूर बसवू नका, हा आजार शिवल्याने होत नाही. फिट आली तर घड्याळ बघा, डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर ठेवा, गळ्याचे बटण सैल करा आणि एका कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका. चप्पल नको, कांदा नको. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, तर १०८ क्रमांकाला फोन. आपल्या देशात १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळतात. अपस्मार म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार. त्या दिवशी तुमच्या शाळेत परिपाठाला हे सगळे तुम्हीच सांगा!

आता दोन शब्द आईबाबांसाठी. घरातले जनावर गेले, तर मुलांना "पळून गेले" असे सांगू नका. मूल महिनाभर दारात वाट पाहत बसते. "झोपवले" असेही सांगू नका. लहान मुले मग स्वतःच रात्री झोपायला भितात. मेले, असेच सांगा आणि जवळ बसा. आजारपणात मुलांना बाहेर काढण्यापेक्षा झेपेल एवढे काम द्या. चिमीला घड्याळ सापडले, म्हणून तिची भीती आवाक्यात राहिली. मला घड्याळ आठवले नाही, म्हणून मी अंगठा चावून घेतला!

जाता जाता पुन्हा एक गणित. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात क्रीम पफ नावाची मांजर होती. १९६७ साली जन्मली आणि २००५ साली वारली. ३८ वर्षे आणि ३ दिवस जगली! जगातल्या सर्वांत दीर्घायुषी मांजरीचा विक्रम तिच्या नावावर आहे. वरचे तीन दिवस सोडून द्या आणि सांगा, माणसाच्या हिशेबाने ती किती वर्षांची झाली? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि त्याच कार्डावर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या जनावराबद्दल चार ओळी लिहा. गाय, बैल, कुत्रे, मांजर, कुणीही चालेल. पण लिहिण्याआधी आठ दिवस त्याच्याकडे रोज नीट बघा. पाणी किती पिते, उडी कशी मारते, हाक मारल्यावर येते का.

चिमीची आई पाडव्याच्या आधी आली. लिंबाखाली आता एक दगड आहे. चिमीची वही मात्र संपलेली नाही, निम्मी कोरी आहे. परवा मी विचारले, तिचे काय करणार? तर म्हणाली, "आजीचं बीपी लिहायलेय."

तुमच्या,
बाई